पाच जणांच्या भिंतीला मास्तर पाहिजे

गोव्यात फुटबॉल म्हटलं की 'कुठला फुटबॉल?' असं कोणी विचारत नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, आणि भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात रंगणारे वाड्यावाड्यांचे सामने, एवढं डोळ्यांसमोर उभं राहतं. अमेरिकेतला माणूस 'कॉलेज फुटबॉल' म्हणतो तेव्हा मात्र त्याच्या मनात वेगळाच खेळ असतो. चेंडू लांबट, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि चेंडूला पाय लागतो तो अगदी क्वचित. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. हा खेळ तिथे कॉलेजच्या पातळीवर किती मोठा आहे याची कल्पना आपल्याला सहज येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका वेळी एक लाखाहून जास्त लोक बसतात, आणि मैदानात खेळणारी मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात बसणारी असतात. निदान बसावीत अशी अपेक्षा असते!

आपल्याकडे कॉलेजच्या संघाला एक कोच मिळाला तरी आनंद. फार तर गोलकीपरसाठी वेगळा माणूस. अमेरिकन संघात शंभराहून जास्त मुलं असतात आणि प्रत्येक जागेचं काम इतकं वेगळं असतं की प्रत्येक गटाला स्वतंत्र मास्तर लागतो. त्याला म्हणतात पोझिशन कोच. वर मुख्य कोच, त्याच्याखाली आक्रमणाचा आणि बचावाचा असे दोन कोऑर्डिनेटर, आणि मग कोणी क्वार्टरबॅकला शिकवणारा, कोणी धावणाऱ्यांना, कोणी झेल घेणाऱ्यांना. मोठ्या विद्यापीठांना असे सहायक किती ठेवता येतात यावर बंधन होतं. २०१८ मध्ये ती संख्या नवावरून दहा झाली, आणि २०२४ मध्ये मैदानावर कोण शिकवू शकतो यावरचं बंधन बरंच सैल केलं गेलं.

या सगळ्या गटांत मला सगळ्यात रंजक वाटतो तो ऑफेन्सिव्ह लाइनचा गट. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, टोकांना दोन टॅकल. पाचही जण सव्वाशे-दीडशे किलोचे. सेंटर चेंडू मागे देतो, बाकीच्यांच्या हाताला तो सहसा लागतही नाही. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं आणि आपल्या क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच काम. कबड्डी खेळलेल्याला हे पटकन समजेल. चढाईवाला आत आला की साखळी धरलेले सगळे एकाच क्षणी हलले पाहिजेत. एक जण अर्धं पाऊल मागे राहिला तर बाकीच्यांची ताकद फुकट. इथंही पाचांतले चार बरोबर आणि एक चुकला, तर क्वार्टरबॅक जमिनीवर.

त्यामुळे हा गट शिकवणारा माणूस निवडणं नाजूक असतं. त्यात वेळही वाईट. नेहमीचे सामने नोव्हेंबरअखेर संपतात. डिसेंबरमध्ये बारावीतल्या मुलांनी सह्या करायच्या असतात, जानेवारीत मोठे सामने असतात, आणि त्याच सुमारास व्यावसायिक संघांत कोच बदलतात. तिकडे एक जागा रिकामी झाली की कॉलेजातला एक जण तिकडे जातो, त्याच्या जागी दुसऱ्या कॉलेजातला येतो, तिसरीकडे पुन्हा भोक पडतं. भरलेल्या बसमध्ये पुढचा एक जण उतरला की मागचे सगळे एकेक सीट सरकतात, तसं.

जाहिरात दिली जाते, अर्ज मागवले जातात, पण खरी निवड बहुतेक वेळा फोनवर होते. मुख्य कोचने पूर्वी ज्यांच्याबरोबर काम केलं असेल त्यांची नावं आधी निघतात. मग बोलावणं. उमेदवाराला फळ्यासमोर उभं करतात आणि सांगतात, 'आम्ही सगळे अठरा वर्षांची पोरं आहोत असं समज आणि आम्हाला हे शिकव.' जुन्या सामन्यांचे व्हिडिओ लावून 'इथे तुझ्या मुलाचं काय चुकलं?' असं विचारतात. यात माणूस उघडा पडतो. स्वतः उत्तम खेळलेला माणूस शिकवताना अडखळतो आणि साधारण खेळाडू असलेला एखादा मास्तर म्हणून चमकतो, हे आपणही शाळेत पाहिलेलं आहेच की.

पद्धत जुळते का, हा पुढचा मुद्दा. काही कोच 'झोन' पद्धत शिकवतात, म्हणजे पाचही जणांनी एका बाजूला पावलात पाऊल मिळवून सरकायचं आणि आपल्या टप्प्यात येईल त्याला अडवायचं. काहींची पद्धत उलटी. आधीच ठरलेली फट उघडायची, त्यासाठी एक गार्ड आपली जागा सोडून मागून धावत पलीकडे जातो. बहुतेक संघ दोन्ही वापरतात, पण जोर एकावर असतो. कोऑर्डिनेटर एका पद्धतीचा आणि लाइनचा मास्तर दुसऱ्या पद्धतीचा असला, तर मुलांना दोन वर्षं गिरवलेलं पुसून पुन्हा लिहावं लागतं. आणि शेवटी घरोघरी जाऊन मुलं आणण्याची हातोटी. तिथले कोच गावोगावच्या शाळांत जातात, आईवडिलांबरोबर जेवतात, पटवतात. नुसता चांगला शिकवणारा पण मुलं न आणणारा कोच मोठ्या विद्यापीठांत फार टिकत नाही.

कागदपत्रं तपासणं हे शेवटचं, कंटाळवाणं काम. ते किती महत्त्वाचं आहे हे इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठाला २००१ मध्ये चांगलंच कळलं. जॉर्ज ओ'लिअरी यांना मुख्य कोच नेमलं आणि पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण त्यांनी माहितीत लिहिलेली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हतीच.

नोटर डेम हे होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी १८४२ मध्ये स्थापन केलेलं कॅथलिक विद्यापीठ. त्यांच्या ग्रंथालयाच्या भिंतीवर हात वर केलेल्या ख्रिस्ताचं भव्य चित्र आहे. गोल झाल्यावर पंच तसेच दोन्ही हात वर करतो, म्हणून मुलं त्या चित्राला 'टचडाऊन जीझस' म्हणतात. ख्रिस्ती कॉलेजात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही थट्टा ओळखीची वाटेल. याच विद्यापीठात लाइनच्या कोचची निवड दोनदा मोठ्या चर्चेची झाली.

पहिली गोष्ट जो मूर यांची. पिट्सबर्ग विद्यापीठात त्यांनी नाव कमावलं होतं. दुसऱ्या जागांवर खेळणारी मुलं लाइनमध्ये आणून त्यांनी घडवली. तिथं त्यांच्या हाताखाली खेळलेले रस ग्रिम आणि जिम कोव्हर्ट पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. १९८८ मध्ये मूर नोटर डेमला आले आणि त्याच मोसमात संघ राष्ट्रीय विजेता झाला. १९९६ च्या शेवटी मुख्य कोच लू होल्ट्झ गेले, बॉब डेव्ही आले, आणि त्यांनी मूर यांना काढलं. मूर तेव्हा ६४ वर्षांचे होते. आपल्याला वयामुळे काढलं असा दावा करून ते कोर्टात गेले. मूर मुलांशी अपमानास्पद वागत, म्हणून काढलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. जुलै १९९८ मध्ये ज्यूरीने मूर यांच्या बाजूने कौल दिला. बुडालेल्या पगाराची रक्कम दुप्पट करून सुमारे ८६ हजार डॉलर, आणि पुढच्या काळासाठी आणखी सुमारे ७५ हजार. नोकरी मात्र परत मिळाली नाही. जागा भरली गेली होती आणि परत आणलं तर संघात तेढ वाढेल, असं न्यायाधीशांनी म्हटलं.

मला हा निकाल योग्य वाटतो. नव्या मुख्य कोचला आपली माणसं निवडायचा हक्क असतोच, आणि मुलांशी वागणुकीची तक्रार असेल तर तीही झटकून टाकू नये. पण कारण एक आणि सांगायचं दुसरं, असं झालं की निवडीतला विश्वास जातो. मूर २००३ मध्ये वारले. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज लाइनला २०१५ पासून जो पुरस्कार मिळतो, तो त्यांच्या नावाचा आहे. एका खेळाडूला न देता तो अख्ख्या गटाला देतात. आणि २०१७ चा पुरस्कार कोणाला मिळाला? नोटर डेमला!

त्या २०१७ च्या लाइनचे कोच होते हॅरी हीस्टँड. त्यांच्या हाताखालचे क्वेन्टन नेल्सन आणि माइक मॅकग्लिंची पुढच्याच वर्षी व्यावसायिक निवडीत सहाव्या आणि नवव्या क्रमांकावर गेले. हीस्टँडही गेले, शिकागो बेअर्सकडे. विद्यापीठाने बाहेर न शोधता आधीपासून स्टाफवर असलेले जेफ क्विन यांना जागा दिली. घरच्या माणसाचा फायदा असा की मुलं त्याला ओळखतात, भाषा बदलत नाही. तोटा असा की चांगलं झालं तर श्रेय जुन्याला आणि वाईट झालं तर दोष नव्याला. २०२० ची क्विन यांची लाइन उत्तम होती, लोक म्हणाले ही तर हीस्टँडनी आणलेली मुलं. २०२१ च्या सुरुवातीला लाइन डळमळली, तेव्हा मात्र ती क्विन यांची झाली. त्या मोसमानंतर मुख्य कोच ब्रायन केली गेले, मार्कस फ्रीमन आले, आणि त्यांनी २०२२ मध्ये हीस्टँड यांना परत बोलावलं. तेव्हा हीस्टँड साठी ओलांडलेले होते. जवळपास त्याच वयात त्याच विद्यापीठाने मूर यांना त्याच जागेवरून काढलं होतं.

या सगळ्यात मुलांचं काय होतं ते पाहायचं तर जो ऑल्ट या मुलाकडे पाहावं. शाळेत तो टाइट एंड म्हणून खेळायचा, म्हणजे झेल घेणारा. क्विन यांच्या वेळी तो आला आणि २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी डाव्या टॅकलला उभा राहिला. ती जागा सर्वांत अवघड, कारण उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागची बाजू तीच. २०२२ मध्ये त्याला हीस्टँड शिकवायला. फेब्रुवारी २०२३ मध्ये हीस्टँड निवृत्त झाले आणि व्हर्जिनिया टेकमधून जो रुडॉल्फ आले. तीन वर्षांत तीन मास्तर. पाऊल कसं टाकायचं, हात कुठे ठेवायचा, यावर प्रत्येकाचं आपलं म्हणणं. ऑल्टचे वडील स्वतः व्यावसायिक संघात टॅकल होते, त्याचा आधार झाला असेलच. सगळ्यांना असा बाप नसतो.

मुलगा कॉलेज निवडतो ते पुष्कळदा या मास्तरकडे पाहून, कारण दिवसाचे कितीतरी तास त्याच्याबरोबरच जातात. सही मात्र विद्यापीठाशी होते. मुख्य कोच बदलला तर मुलांना दुसरीकडे जाण्यासाठी खास मुदत मिळते, लाइनचा मास्तर गेला तर तशी मिळत नाही. म्हणून काही मुख्य कोच नेमणुकीआधी जुन्या मुलांना उमेदवाराशी बोलायला बसवतात. निर्णय मुलांचा नसतो, पण त्यांच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं. आपल्याकडे क्रीडा विभाग नवा कोच आणतो तेव्हा असं कोणी करत असेल तर कळवा, मला खरंच वाचायला आवडेल.

रुडॉल्फ यांच्या पहिल्या वर्षानंतर, एप्रिल २०२४ मध्ये, जो ऑल्ट व्यावसायिक निवडीत पाचव्या क्रमांकावर गेला. शिकवणारे तिघं, क्रमांक एकच.