चिरंजीवांच्या क्यूची पेटी

‘स्नूकर म्हणजे टवाळांचा खेळ!’ असं म्हणू नका हं, मैत्रिणींनो. पुण्याचे विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, तेही अशाच काठीवर! चिरंजीवांनी ही काठी, म्हणजे क्यू, घरी आणली, तर दाराआड टेकवू नका. डहाणूच्या दमट हवेत नि तलासरीच्या पावसाळ्यात लाकूड बाक धरतं. मग नेम चुकतो नि बोलणी पोराला बसतात!

पेटी घेताना क्यूचा सर्वांत लांब तुकडा मोजा. ५८ इंची क्यू मधोमध जोडाची असेल, तर तो साधारण २९ इंच भरतो. वर दोन इंच धरा. डहाणू रोडहून लोकलच्या गर्दीत न्यायची, तर कापडी पिशवी नको. मऊ अस्तराची कडक पेटीच बरी. क्यू कोरडी पुसून आत ठेवा. पेटी उन्हात ठेवू नका. पेटी महाग वाटते खरी, पण वाकलेली काठी पुन्हा सरळ होणं कठीण!