टी. जे. नावाचा मुलगा



मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ ही इंग्रजी कादंबरी १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळाले. मुलांचे पुस्तक म्हणून मोठी माणसे ते हातात घेत नाहीत. घ्यावे.

काळ १९३३ चा, स्थळ मिसिसिपी राज्य. गोष्ट सांगते ती नऊ वर्षांची कॅसी लोगन. तिच्या काळ्या कुटुंबाची स्वतःची जमीन आहे. शेजारी मात्र गोऱ्या मालकांची शेते वाट्याने कसतात. कॅसी तिखट आहे, सर्वांनाच आवडते. ट्रेनिंगच्या दिवसांत आम्हाला मुलांकडून नायकाचे स्वभावचित्र लिहून घ्यायला शिकवले होते. या पुस्तकात तसे केले तर अर्धे पुस्तक हातचे जाईल.

कारण मनात राहतो तो टी. जे. एव्हरी, कॅसीचा भाऊ स्टेसी याचा मित्र. हा मुलगा चांगला नाही. परीक्षेत नक्कल करतो, थापा मारतो, स्टेसीचा नवा कोट गोड बोलून लाटतो. कॅसीची आई त्याची शिक्षिका. तिने त्याला नक्कल करताना पकडून नापास केले. रागाने तो गोऱ्यांच्या दुकानात जाऊन तिच्याविरुद्ध बोलला. ती वर्गात गुलामगिरीचा खरा इतिहास शिकवीत असे. तिची नोकरी गेली. मीही नापासच केले असते. केलेले आहे. पण त्यानंतर त्या मुलाशी कोण बोलले, हा प्रश्न हे पुस्तक वाचल्यापासून मला सोडत नाही.

सोबत्यांनी टाकलेला टी. जे. मग सिम्स घराण्यातील दोन गोऱ्या तरुणांच्या मागे लागतो. ते त्याला खेळवतात, पाठीमागे हसतात. एका रात्री तिघे दुकान फोडतात. त्या दोघांच्या तोंडावर काळे मोजे होते. मारहाणीत दुकानदार मरतो आणि जमाव धावतो तो एकट्या टी. जे.च्या घरावर. लेखिकेने येथे एखादा गुणी मुलगा उभा केला असता तर आपण सहज हळहळलो असतो. तिने आपले काम अवघड केले आहे.

त्याच सिम्स घरातला धाकटा जेरेमी. काळ्या मुलांबरोबर चालतो म्हणून घरी मार खातो. नाताळात तो स्टेसीला लाकडी बासरी आणून देतो. अशी मैत्री पुढे महागात पडेल, असे वडील बजावतात. स्टेसी बासरी आपल्या आवडत्या वस्तूंच्या पेटीत ठेवतो, वाजवीत नाही. दोन-चार पानांचाच प्रसंग, पण मी तो तीनदा वाचला.

आणखी एक धिप्पाड मॉरिसन. गोऱ्यांशी मारामारी झाल्याने त्यांचे काम सुटलेले. रात्रभर बंदूक घेऊन लोगनांच्या घरावर पहारा करतात, आणि बोलतात फारच थोडे.

शेवटी जमाव टी. जे.ला फाशी द्यायला निघतो. तेव्हा कॅसीचे वडील गुपचूप आपल्याच कापसाला आग लावतात, म्हणजे सगळे ती विझवायला धावतील. कापसाचा चौथा हिस्सा जळतो. टी. जे. त्या रात्री वाचतो, पण तुरुंगात जातो.

कॅसीला तो कधीच आवडला नव्हता. शेवटच्या पानावर ती त्याच्यासाठी रडते.