बोलपटातली गाणी : भाग ६
स्वप्नातला राष्ट्राध्यक्ष

मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे ‘व्हायटाफोन’ लघुपट वॉर्नर ब्रदर्सने बहुतांशी ब्रुकलिनच्या स्टुडिओत काढले, हे मागच्या भागात आलेच. ब्रॉडवे आणि हार्लेम तिथून जवळ, त्यामुळे रात्री रंगमंचावर गाणारा कलावंत दिवसा कॅमेऱ्यासमोर उभा राहू शकत असे. मोठ्या चित्रपटांत कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला हमाल आणि नटीच्या वाट्याला मोलकरीण येई. दोन रिळांच्या स्वस्त लघुपटांत मात्र त्यांना थेट मध्यभागी जागा मिळाली. पण ती कोणत्या अटींवर, हे ‘रूफस जोन्स फॉर प्रेसिडेंट’मध्ये स्वच्छ दिसते. १९३३ सालचा हा वीसेक मिनिटांचा लघुपट रॉय मॅक यांनी दिग्दर्शित केला.

रडवेल्या रूफसला आई मांडीवर घेते. तू राष्ट्राध्यक्षसुद्धा होशील, म्हणते. मग त्याला झोपवताना ती जे गाते त्याचा सांगावा मात्र वेगळाच आहे : कुंपणाच्या आपल्या बाजूलाच राहा. वर्णभेदाचा नियम अंगाईतून! पोराचा डोळा लागतो आणि स्वप्नात तो खरोखर निवडून येतो. मत देणाऱ्याला पोर्क चॉप्सचे आमिष, सिनेटमध्ये फासे आणि कोंबडीचोरीचे विनोद. गोऱ्या प्रेक्षकाला कृष्णवर्णीयांबद्दल जे जे ऐकायची सवय होती ते सगळे इथे आहे. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत मतदान-कर आणि साक्षरता-चाचण्या लावून लाखो कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवले जात होते. मतदार चॉपवर विकला जातो हा विनोद त्यामुळे मला निव्वळ खोडसाळ नव्हे, क्रूर वाटतो.

तरीही हा लघुपट मी बाद करणार नाही. रूफस झालेला मुलगा म्हणजे सात वर्षांचा सॅमी डेव्हिस ज्युनियर. तो गातो आणि टॅप करतो तेव्हा त्याच्या पायांचा ताल इतका नेमका असतो की भोवतीचे सिनेटर नुसते नेपथ्य होऊन जातात. आई झाली आहे एथेल वॉटर्स. ती ‘अंडरनीथ द हार्लेम मून’ म्हणते. मूळ गाणे हार्लेमच्या लोकांकडे बाहेरून, कौतुकाने पण तुच्छतेने पाहणारे. वॉटर्सने त्यातले ‘ते’ काढून ‘आम्ही’ आणले आणि नव्या ओळी घातल्या. पूर्वी डोक्याला फडके बांधणारे आता पॅरिसच्या टोप्या घालतात आणि रिपब्लिकनांचे मतदार डेमोक्रॅट झाले आहेत, असे ती हसत हसत सांगते. चॉपवर विकल्या जाणाऱ्या मतदारांच्या या चित्रपटात, आपला पक्ष विचार करून बदलणारा मतदार फक्त तिच्या गाण्यात भेटतो. पटकथा तिच्या हातात नव्हती, गाणे होते. आणि १९३३च्या सप्टेंबर महिन्यात, हा लघुपट पडद्यावर येत असताना, तिचे ‘अॅज थाउजंड्स चीअर’ हे संगीतनाट्य ब्रॉडवेवर सुरू झाले. त्यात जमावाने ठार मारलेल्या माणसाच्या बायकोचे गाणे ती गात असे.

त्याआधीच्या, १९३२च्या ‘पाय, पाय, ब्लॅकबर्ड’मध्येही तोच प्रकार. युबी ब्लेकसारखा संगीतकार आणि त्याचा वाद्यवृंद आचाऱ्यांच्या वेषात, भल्यामोठ्या पायमध्ये! पण पोरसवदा निकोलस बंधू नाचू लागले की वेषाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

या लघुपटांना प्रतिनिधित्वाचा विजय म्हणणे मला मान्य नाही. पडद्यावर कोण दिसले हे पुरेसे नसते, कथा कोणी लिहिली हेही विचारावे लागते, आणि इथे ती गोऱ्यांनी लिहिली होती. श्रेय द्यायचे ते वॉटर्सला आणि सॅमीला द्यावे, स्टुडिओला नको.

पुढील भागात ‘सिंफनी इन ब्लॅक’, १९३५. त्यात ड्यूक एलिंग्टन आचारी नाही की हमाल नाही, स्वतःच्या खोलीत पियानोपाशी बसून रचना करणारा संगीतकार आहे.