एक्सप्लेनर : टाकी भरलेली, तरी मोटर सुरू? चूक असू शकते कोडमधल्या एका तुलनेची!

गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असताना मोटर आपोआप सुरू होते आणि टाकी रिकामी झाली की हूं की चूं करत नाही. आर्डुइनोवर पहिला प्रोजेक्ट करताना असा उलटा प्रकार घडू शकतो. सेन्सर ठीक, वायरिंग ठीक, कोडही एरर न देता अपलोड झालेला. मग गडबड कुठे? ती तुलना करणाऱ्या एका ओळीत असू शकते.

'१००' हे '२०' पेक्षा लहान कसे?

समजा, पाणी २० टक्क्यांखाली गेले की मोटर सुरू करायची आहे. सेन्सरकडचा बोर्ड पाण्याची पातळी मुख्य बोर्डला सीरियलने मजकूर म्हणून पाठवतो. हा मजकूर म्हणजे स्ट्रिंग. दोन स्ट्रिंगची तुलना शब्दकोशाप्रमाणे होते: आधी पहिले अक्षर, ते सारखे असेल तर दुसरे. आस्की कोडमध्ये इंग्रजी १ चा क्रमांक ४९, २ चा ५० आणि ९ चा ५७ आहे. त्यामुळे '१००' हे '२०' पेक्षा लहान ठरते आणि मोटर सुरू होते. '९' मात्र '२०' पेक्षा मोठे ठरते, म्हणून रिकाम्या टाकीत पाणी चढत नाही.

उपाय सोपा आहे. तुलनेआधी 'टूइंट' फंक्शनने मजकुराची संख्या करून घ्या. मात्र मजकुरात अंक नसतील, तर हे फंक्शन ० देते. सेन्सरने 'एरर' असे पाठवले, तरी बोर्ड टाकी रिकामी समजेल. म्हणून आधी अंकच आले आहेत ना, हे तपासा.

दोन्हीकडे 'ऑन', तरी जुळत नाही

कॅरेक्टर अ‍ॅरेमधील मजकुरासाठी '==' वापरले, तर अक्षरांची नव्हे, मेमरीतील पत्त्यांची तुलना होते. तिथे 'स्ट्रसीएमपी' वापरावे लागते. यातही एक मेख आहे. मजकूर सारखा असेल तर हे फंक्शन ० देते आणि 'इफ'साठी ० म्हणजे 'नाही'. म्हणून उत्तर ० आहे का, असेच विचारायचे.

आर्डुइनोच्या 'स्ट्रिंग' प्रकारात '==' चालते. तरीही सीरियलवरून आलेल्या 'ऑन'मागे ओळ संपल्याची न दिसणारी चिन्हे असू शकतात. ती 'ट्रिम'ने काढून टाकता येतात.

एक मिनिटाचे झाले ४९ दिवस

संख्यांची तुलनाही फसू शकते. आर्डुइनो उनोमध्ये 'इंट' १६ बिटचा असतो. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावते. एका मिनिटाचे ६०,००० मिलिसेकंद त्यात ठेवले, तर उणे ५,५३६ होतात. ही संख्या 'मिलिस'मधून काढलेल्या वेळेशी ताडली, की ती ऋण चिन्ह नसलेली प्रचंड संख्या मानली जाते. मग मिनिटाने बंद व्हायची मोटर सुमारे ४९ दिवस थांबणार नाही. अशा वेळी 'अनसाइन्ड लाँग' वापरा.

लक्षात ठेवा

• आकडा आधी संख्येत बदला, मगच तुलना करा.
• दशांश संख्यांसाठी '==' टाळा; फरक ठरावीक मर्यादेत आहे का, ते पाहा.
• मोटर जोडण्याआधी एलईडी लावून ९, २० आणि १०० या तिन्ही आकड्यांवर कोड तपासा. चुकीचा एलईडी लागला तर नुकसान होत नाही, कोरडी चाललेली मोटर मात्र जळू शकते.