शिट्ट्या कसल्या मोजता?

तूरडाळीला चार शिट्ट्या, छोल्यांना सात, हा आमच्या घरचा हिशेब आईपासून चालत आलेला. पण गॅस मोठा असला की चार शिट्ट्या पाच-सहा मिनिटांत उरकतात, बारीक केला तर पंधरा मिनिटांतही होत नाहीत. म्हणजे डाळ काही शिट्टीने शिजत नाही.

दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सुटणं, हा डाळ शिजण्यातला मोठा भाग. ही रासायनिक क्रिया आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर अडकतं. आच वाढवली तर वाफ जास्त होते, तापमान नाही. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तर ते साधारण ८८ अंशांनाच उकळतं आणि डाळ रेंगाळते. कुकरमध्ये दाब जवळपास दुप्पट होतो, पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. फ्रान्सच्या देनी पापँनं १६७९मध्ये असं भांडं करून दाखवलं, तेही वाफ सोडणाऱ्या झडपेसकट.

वीस अंशांनी एवढं काय होतं? रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात, पण बहुतेक टकरी फुकट जातात. बंध तुटायला किमान ऊर्जा लागते आणि ती असलेले रेणू थोडेच असतात. तापमान जरा वाढलं, की या थोड्यांची संख्या भराभर वाढते. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसनं १८८९मध्ये हे गणितात बसवलं. ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंशांना वेग दुप्पट. वीस अंशांना चौपट. शिट्टी म्हणजे फक्त जादा वाफ बाहेर पडल्याची आरोळी. पहिली झाली की गॅस बारीक करावा आणि घड्याळ बघावं.

अख्ख्या तुरीपेक्षा डाळ लवकर शिजते, कारण साल निघालेलं असतं आणि दाणा दुभंगल्यामुळे पाण्याला शिरायला जागा जास्त मिळते. छोले रात्रभर भिजवायचे तेही पाणी गाभ्यापर्यंत आधीच पोचावं म्हणून.

एकदा घाईत मी चिंचेचा कोळ डाळीबरोबरच कुकरमध्ये ढकलला. आमटी झाली, पण डाळ टचटचीत. आंबटपणात पेक्टिन लवकर सुटत नाही. विहिरीच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही त्याला घट्ट बांधून ठेवतं. खायचा सोडा याच्या उलट वागतो; पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिन पटापट तुटतं. मात्र त्यात बी-१ जीवनसत्त्वही नष्ट होतं. हे ठाऊक असूनही छोल्यांत मी चिमूटभर घालतोच.