समुद्रावरील एक ठिपका

परदेशाहून येणाऱ्या वस्तूची अगर माणसाची वाट पाहणें आमच्या पिढीस नवें नाहीं. परदेशीं गेलेल्या मुलाचें पत्र तीन-तीन आठवडे येत नसे, आणि टपालवाला दारावरून पुढें गेला म्हणजे घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. परंतु त्या वाट पाहण्यांत निरुपाय होता, व निरुपायांत थोडी शांतिही होती. वस्तु कोठें आहे हें कळण्यास मार्गच नव्हता. हल्लीं तो मार्ग झाला आहे. हजारों कोसांवर भर समुद्रांत असलेली आपली वस्तु या घटकेस कोठें आहे, हें घरीं बसून पाहतां येतें. या सोयीनें वाट पाहणें सुलभ झालें कीं अवघड, याचा वाद २०२४ सालीं आमच्या घरांत जवळजवळ दोन महिने चालला होता. आणि माझ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातोश्रींनीं त्यास जें वळण दिलें, तें वाचकांस सांगावें असें वाटतें.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त नॉर्वे देशांत, ऑस्लोजवळच्या द्रामेन गांवीं राहतो. त्यानें त्या वर्षीं विजेवर चालणारी एक नवी मोटार मागविली. त्या देशांत ही गोष्ट नवलाची नाहीं. २०२४ सालीं तेथें नोंदल्या गेलेल्या दर शंभर नव्या प्रवासी मोटारींपैकीं सुमारें एकुणनव्वद केवळ विजेवर चालणाऱ्या होत्या. पण त्या देशांत मोटारीचे मोठे कारखाने नाहींत. मोटार बाहेरूनच यावयाची. पुतण्याची मोटार चीनमधील शांघाय येथून निघून आगबोटीनें बेल्जममधील झीब्रुग बंदरांत, आणि तेथून पुढें द्रामेनला येणार होती.

"काका, माझी मोटार कोणत्या जहाजावर आहे तें कळलें," असें त्यानें एके दिवशीं दूरध्वनीवरून मोठ्या उत्साहानें सांगितलें. विक्रेत्यानें कळविलें काय, असें मीं विचारलें. "छे! विक्रेता नुसता महिना सांगतो. हें आम्हीं हुडकून काढलें." यांतील 'आम्हीं' म्हणजे त्याच्याप्रमाणेंच मोटारीकडे डोळे लावून बसलेले यूरोपांतील गृहस्थ. संस्कृत साहित्यशास्त्रांत जिचा पति प्रवासास गेला आहे त्या नायिकेस प्रोषितभर्तृका असें म्हणतात. त्याच चालीवर मीं आमच्या पुतण्यास 'प्रोषितरथ' अशी पदवी दिली, व ती घरांत रूढ झाली.

या प्रोषितरथांचा उद्योग २०१९ सालीं विशेष प्रसिद्धीस आला. टेस्ला कंपनीच्या 'मॉडेल ३' जातीच्या मोटारी त्या वर्षीं प्रथमच मोठ्या संख्येनें यूरोपास निघाल्या. सान फ्रान्सिस्को येथील ८० क्रमांकाच्या धक्क्यावरून त्या 'ग्लोव्हिस कॅप्टन' नांवाच्या जहाजावर चढल्या, आणि फेब्रुवारीच्या आरंभीं तें जहाज झीब्रुगला लागेपर्यंत कित्येक गिऱ्हाइकें त्याचा मार्ग रोजच्या रोज पाहत होतीं. पुढें २०२० च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीच्या शांघाय येथील कारखान्यांतूनही मोटारी यूरोपास जाऊं लागल्या. या लोकांची शोधण्याची रीत एखाद्या नैयायिकास शोभण्यासारखी आहे. कारखान्याजवळच्या धक्क्यास मोटारी वाहणारें कोणतें जहाज लागलें, किती तास उभें राहिलें, निघतांना त्याचा तळ पाण्यांत किती खोल गेला होता आणि पुढील मुक्काम म्हणून कोणतें बंदर सांगितलें आहे, या खुणांवरून ते अनुमान करतात. धूर दिसला म्हणजे अग्नि आहे, तसें शांघायहून भरून निघालेलें जहाज झीब्रुगचें नांव सांगतें म्हणजे आंत आपली मोटार आहे!

हें सर्व ज्या यंत्रामुळें साधतें, तें समजून घेण्यासारखें आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २००० सालीं एक नियम मंजूर केला. त्याप्रमाणें परदेशीं जाणाऱ्या ३०० टनांच्या वरील प्रत्येक जहाजावर आपली ओळख आपोआप सांगणारें बिनतारी यंत्र बसविणें आवश्यक झालें, आणि २००४ सालच्या अखेरीपर्यंत तशीं यंत्रें सर्वत्र बसलीं. जहाज चालत असतां तें यंत्र दर दोन ते दहा सेकंदांस आपला क्रमांक, स्थान, गति व दिशा हीं पुकारीत असतें. नांगर टाकल्यावर दर तीन मिनिटांस. जहाजाचें नांव, तळाची खोली व पुढील बंदर हीं दर सहा मिनिटांनीं सांगितलीं जातात. यांपैकीं शेवटच्या दोन गोष्टी जहाजावरील अधिकारी स्वहस्तें भरतात. म्हणून त्यांत चुकाही होतात. हा आवाज साधारण चाळीस सागरी मैलांपर्यंत ऐकूं जातो. त्यापलीकडे आकाशांतील उपग्रहच तो ऐकूं शकतात. ग्रीसमधील एजियन विद्यापीठांतील प्राध्यापक दिमित्रिस लेक्कास यांनीं २००७ च्या सुमारास किनाऱ्यावर ऐकूं येणारे हे संदेश एकत्र करून नकाशावर मांडण्यास आरंभ केला, व त्यांतूनच 'मरीन ट्रॅफिक' हा जगभर पाहिला जाणारा नकाशा उभा राहिला. देशोदेशींच्या हौशी माणसांनीं आपापल्या घरांच्या छपरांवर ग्राहकयंत्रें बसवून त्यास हातभार लावला.

पुतण्यानें जहाजाचें नांव कळवितांच आमच्या घरीं त्या नकाशाचें नित्य वाचन सुरू झालें. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे माझीं दोन नातवंडें तो उघडीत. ठिपका तैवानच्या सामुद्रधुनींतून खालीं आला, सिंगापूर वळला, मलाक्काच्या चिंचोळ्या वाटेनें हिंदी महासागरांत शिरला. जी नांवें मी वर्गांत छडी दाखवून पाठ करून घेत असें, तीं या मुलांस न सांगतां मुखोद्गत झालीं. असलें जहाज आंतून कसें असतें हेंही त्यांनीं विचारलें. तीं जहाजें म्हणजे तरंगतीं बहुमजली वाहनगृहेंच होत. बारा-तेरा मजले, मध्यें उतार, आणि प्रत्येक मोटार माणसानें स्वतः चालवीत नेऊन दुसरीच्या शेजारीं अगदीं थोडें अंतर सोडून उभी करावयाची व पट्ट्यांनीं तळाशीं जखडावयाची. पांच-सात हजार मोटारी एका खेपेस नेणारीं जहाजें आतां सामान्य झालीं आहेत.

श्रीलंका मागें पडल्यावर ठिपका एडनच्या रोखानें जाईल अशी माझी समजूत होती. तो दक्षिणेकडे वळला. धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, वाट चुकली!" वाट चुकली नव्हती, वाट सोडावी लागली होती. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं तांबड्या समुद्रांत 'गॅलक्सी लीडर' नांवाचें मोटारी वाहणारें जहाज येमेनमधील हुथी सैनिकांनीं धरलें. तें रिकामें होतें आणि आपल्या गुजरातेंतील पिपावाव बंदराकडेच येत होतें. (त्याच पिपावाव बंदरांतून २०२५ च्या ऑगस्टमध्यें भारतांत बनलेल्या मारुति सुझुकीच्या 'ई-विटारा' या विजेच्या मोटारी यूरोपास निघाल्या.) त्यावरील २५ खलाशी चौदा महिने अडकून पडले व जानेवारी २०२५ मध्यें सुटले. या प्रकारानंतर अनेक जहाजांनीं सुएझचा कालवा टाकून आफ्रिकेस वळसा घालण्याचा जुना मार्ग धरला. त्यायोगें सुमारें साडेतीन हजार सागरी मैल आणि दहा ते चौदा दिवस वाढतात. वास्को द गामा ज्या वाटेनें इकडे आला, त्याच वाटेनें पुतण्याची मोटार तिकडे चालली होती.

मादागास्करच्या अलीकडे ठिपका एका जागीं थांबला. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले, तो हालेना. किनाऱ्यापासून फार दूर गेल्यावर फुकट पाहावयास मिळणाऱ्या नकाशावर जहाजाचें शेवटचें ऐकूं आलेलें स्थानच दिसत राहतें, हें पुतण्यास ठाऊक होतें. तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. विम्याचें काय, आगाऊ दिलेल्या पैशांचें काय, जुनी मोटार तर विकून बसलों, असें तो दूरध्वनीवर बोलत होता. मातोश्री जवळच वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर करून विचारलें,

"अरे, मोटारीचें राहूं दे. त्या जहाजावर माणसें किती आहेत?"

पुतण्या घोटाळला. "असतील आजी, वीस-बावीस."

"त्यांच्या घरचीं माणसेंही हाच ठिपका पाहत असतील ना रे?"

कोणीच कांहीं बोललें नाहीं. महिनाभर आम्ही सारे तो नकाशा पाहत होतों. जहाजाची लांबी, रुंदी, वेग, मजले आम्हांस पाठ होते. पण हा प्रश्न कोणाच्याही मनांत आला नव्हता.

मातोश्रींच्या मनांत तो यावयास कारण होतें. त्यांचें माहेर रेवसजवळचें. १७ जुलै १९४७ हा दिव्यांच्या अवसेचा दिवस. त्या वेळीं त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांचे धाकटे काका मुंबईस नोकरीस असत आणि त्या दिवशीं सकाळच्या 'रामदास' बोटीनें घरीं यावयाचे होते. बोट भाऊच्या धक्क्यावरून आठच्या सुमारास निघाली आणि मुंबईपासून थोड्याच मैलांवर खवळलेल्या समुद्रांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. कित्येक तास मुंबई शहरासही या गोष्टीचा पत्ता नव्हता. इकडे रेवसच्या धक्क्यावर लोक पावसांत उभे होते. हवा पाहून बोट सुटलीच नसेल, अशी एकमेकांची समजूत घालून ते परतले. घरीं पाटावर दिवे घासून-पुसून मांडलेले होते. काका आले नाहींत. नक्की वार्ता कळावयास तीन दिवस लागले. मातोश्री हें क्वचितच बोलतात. त्या रात्रीं बोलल्या.

दुसऱ्या दिवशीं मीं या जहाजांविषयीं थोडा शोध केला. २०२२ सालच्या फेब्रुवारींत 'फेलिसिटी एस' हें जर्मनीहून अमेरिकेस सुमारें चार हजार मोटारी नेणारें जहाज अझोर्स बेटांजवळ पेटलें, आणि १ मार्च रोजीं बुडालें. त्यावरील बावीसही माणसें वाचलीं. मोटारी गेल्या, पण त्यांतील कांहींसाठीं लाम्बोर्गिनी कंपनीनें बंद केलेलें उत्पादन पुन्हां चालू करून गिऱ्हाइकांस नव्या मोटारी करून दिल्या. २५ जुलै २०२३ च्या रात्रीं 'फ्रीमँटल हायवे' या जहाजास हॉलंडच्या आमेलांड बेटानजीक आग लागली. त्यावर ३,७८३ मोटारी होत्या, आणि त्यांपैकीं ४९८ विजेच्या. माणसें तेवीस होतीं. त्यांतील बहुतेक आपल्या देशांतील. आगीमुळें कांहींजणांनीं जहाजाच्या उंच काठावरून काळोख्या पाण्यांत उड्या घेतल्या. बेटावरील जीवरक्षक नौकेनें त्यांस उचललें. एक भारतीय खलाशी मरण पावला. पुढें जहाज ओढून बंदरांत आणलें, तेव्हां खालच्या मजल्यांवरील शेंकडों मोटारी शाबूत निघाल्या.

त्या रात्रींही तो ठिपका जगाच्या नकाशावर दिसत होता. कोणी त्यांत आपली मोटार पाहत होतें, आणि भारतांत कोणी त्यांत आपला मुलगा.

हें वाचल्यावर त्या ओळखयंत्राविषयींची माझी दृष्टि पालटली. तें यंत्र गिऱ्हाइकाच्या समाधानासाठीं निघालेलें नाहीं. रात्रीं, धुक्यांत, दोन जहाजांनीं एकमेकांस ओळखून टक्कर टाळावी, आणि किनाऱ्यावरील पहारेकऱ्यांस कोण कोठें आहे हें कळावें, एवढ्यासाठीं तें आहे. खलाशांनीं आपल्या जिवासाठीं हातीं धरलेला तो कंदील आहे. त्याच्या उजेडांत आपली वस्तु आपणांस दिसते, हा आनुषंगिक लाभ होय. तो घेण्यांत दोष नाहीं. पण कंदील दिसावा आणि धरणारा हात दिसूं नये, हें मात्र बरें नव्हे. नव्या सोयीनें 'कोठें' या प्रश्नाचें उत्तर फार सोपें झालें. 'कोण' हा प्रश्न आपणच विचारावा लागतो.

चौथ्या दिवशीं ठिपका केप ऑफ गुड होपजवळ पुन्हां प्रगट झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनीं जहाज झीब्रुगला लागलें, आणि आणखी कांहीं दिवसांनीं मोटार द्रामेनला पोंचली. पुतण्यानें तिच्याशेजारीं उभें राहून काढलेलें छायाचित्र पाठविलें व लगेच दूरध्वनि केला. मातोश्रींनीं चष्मा लावून तें चित्र बराच वेळ पाहिलें.

"छान आहे. रंगही चांगला घेतलास. आतां तें जहाज कोठें आहे?"

पुतण्यानें मोटार उतरल्यापासून नकाशा उघडलाच नव्हता. त्यानें तो बोलतां बोलतांच पाहिला. जहाज परत पूर्वेस निघालें होतें, व त्या वेळीं बिस्केच्या उपसागरांत होतें.

"बरें," मातोश्री म्हणाल्या, "पोंचलें म्हणजे कळव."

त्यामुळें मोटार घरीं येऊनही तो ठिपका आमच्या घरांत पुढें पांच-सहा आठवडे रोज पाहिला जात होता. तो शांघायला लागल्याचें धाकट्या नातवानें सांगितलें, त्या दिवशीं मातोश्रींनीं देवापुढें नेहमींचा दिवा लावला, आणि मग जेवावयास बसल्या.