सिक्लिड माशांची मत्स्यपेटी : तळाची वाळू व तिचा रंग

मत्स्यपेटी सजविताना पाणी, वनस्पती व प्रकाश यांचा विचार पुष्कळ केला जातो. तळाची वाळू मात्र केवळ शोभेची वस्तू समजली जाते. दुकानातून निळे, तांबडे किंवा पांढरेशुभ्र खडे आणावयाचे आणि तळाशी पसरावयाचे, एवढाच तिचा विचार होतो. सिक्लिड कुलातील माशांच्या बाबतीत ही समजूत हानिकारक ठरते. हे मासे तळ उकरतात, वाळू तोंडात घेऊन चाळतात आणि तीत खळगे करून पिल्ले सांभाळतात. त्यांच्या दृष्टीने तळ म्हणजे घर, अन्नक्षेत्र व पाळणा असे तिन्ही होय.

सिक्लिड माशांचे हे मोठे कुल आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि दक्षिण आशिया येथे पसरलेले आहे. भारतात त्याच्या मूळच्या जाती अगदी थोड्या आहेत. त्यांपैकी सर्वांत परिचित जात म्हणजे गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर. हाच मासा केरळात करिमीन म्हणून ओळखला जातो, आणि २०१० मध्ये त्या राज्याने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. त्याचाच लहान, नारिंगी रंगाचा आप्त हौशी मत्स्यपालकांच्या पेट्यांत सर्वत्र आढळतो. या नारिंगी माशाची जोडी अंडी एखाद्या कठीण पृष्ठभागावर चिकटविते आणि त्यांतून बाहेर पडलेली पिल्ले तळाशी खणलेल्या खळग्यांत नेऊन ठेविते. तळाशी नुसती काच असेल, तर या जोडीला आपला स्वाभाविक क्रम पुरा करता येत नाही.

तळाचा पोत

दक्षिण अमेरिकेतील एका सिक्लिड वंशास हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० मध्ये जिओफॅगस, म्हणजे 'मृद्भक्षक', असे नाव दिले. वास्तविक हा मासा माती खात नाही. तो तोंडभर वाळू घेतो, तीतील बारीक जीव वेचतो आणि उरलेली वाळू तोंडावाटे व कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. अशा माशाच्या पेटीत टोकदार खडी घातली, तर त्याच्या तोंडास व नाजूक कल्ल्यांस इजा होते; जाड खडी घातली, तर ती त्यास चाळताच येत नाही. टांगानिका सरोवरातील काही लहान सिक्लिड गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत राहतात व ते शंख वाळूत पुरून घेतात. मलावी सरोवरातील काही जातींचे नर मादीला आकर्षित करण्यासाठी वाळूचे ढीग व वाडगे रचतात. या सर्वांना बारीक व गुळगुळीत कणांची वाळूच हवी. त्याच सरोवरातील खडकांवरचे शेवाळ खरवडणारे मासे वाळूवर इतके अवलंबून नसतात. परंतु उकरण्याची सवय त्यांनाही असतेच.

तळाचे रसायन

वाळू दोन प्रकारची असते. गारेची किंवा बेसाल्ट खडकाची वाळू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उलट प्रवाळाची वाळू, शिंपल्यांचा चुरा व संगमरवराची खडी ही कॅल्शियम कार्बोनेटाची बनलेली असतात. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की ती हळूहळू विरघळतात, आणि पाणी दुष्फेन व अल्कधर्मी राखतात. टांगानिकाच्या पाण्याचा सामू ९ च्या आसपास, तर मलावीच्या पाण्याचा ८ च्या आसपास असतो. म्हणून तेथील माशांना असा तळ मानवतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील एंजल व डिस्कस हे मासे मात्र सुफेन, किंचित आम्लधर्मी पाण्याचे रहिवासी आहेत. प्रवाळाची वाळू त्यांना अपायकारक ठरते.

आणलेली वाळू कोणत्या प्रकारची आहे, हे घरीच ओळखता येते. तिची चिमूट बशीत घेऊन कडक व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे आले, तर तीत चुनखडी आहे असे समजावे. दख्खनच्या नद्यांची काळसर वाळू बेसाल्टची असली, तरी तीत चुनखडीचे खडे मिसळलेले असू शकतात. कोकण किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचे तुकडे व मीठ असते. तेव्हा ही परीक्षा टाळू नये.

येथे एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया येतो. सामू जितका अधिक, तितका या अमोनियाचा विषारी अंश वाढतो. म्हणून मासे असलेल्या जुन्या पेटीत प्रवाळाची वाळू एकदम ओतू नये. तो बदल थोडाथोडा व पाण्याची तपासणी करीत घडवून आणावा.

तळाचा रंग

माशाच्या त्वचेत कृष्णरंजक पेशी असतात. त्यांतील काळे कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो. ते मध्यभागी गोळा झाले की तो फिका पडतो. हा बदल डोळ्यांवाटे नियंत्रित होतो. वरून येणारा प्रकाश आणि तळावरून परावर्तित होणारा प्रकाश यांच्या प्रमाणावर तो अवलंबून असतो. त्यात भाग घेणारे, काळे कण गोळा करणारे एक संप्रेरक १९८३ मध्ये सामन माशाच्या पोष ग्रंथीतून वेगळे करण्यात आले. पहिला बदल काही मिनिटांत दिसतो. परंतु मासा आठवडेच्या आठवडे एकाच रंगाच्या तळावर राहिला, तर रंजक पेशींची संख्याही बदलते.

या शक्तीचा माशाला उपयोग काय, हे फ्रान्सिस समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखविले. त्याने गॅम्बुझिया मासे काही आठवडे काळ्या व पांढऱ्या टाक्यांत ठेविले आणि मग त्यांना एकत्र करून पेंग्विन पक्ष्यांपुढे सोडले. तळाशी रंग न जुळणारे मासे अधिक संख्येने बळी पडले. म्हणजे तळाशी रंग जुळणे हा माशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

यावरून पांढऱ्याशुभ्र तळावर मासे निस्तेज का दिसतात, हे कळते. परंतु काळा तळ हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. काळे कण पसरल्याने काही पिवळ्या जातींवर काजळीची छटा येऊ शकते. शिवाय काळ्या तळावर साचलेली घाण लवकर दिसत नाही. वाळूसारखा बदामी किंवा करडा रंग बहुतेक जातींस मानवतो. रंग लावलेले खडे टाळलेले बरे, कारण तो लेप उकरणाऱ्या माशांच्या तोंडी सुटण्याचा संभव असतो. तसेच फिकेपणाचे कारण नेहमी तळच असते असे नाही. भय, आजार किंवा दूषित पाणी यांमुळेही मासा फिका पडतो.

मांडणी

१०० सेंटीमीटर लांब व ४० सेंटीमीटर रुंद पेटीत ४ सेंटीमीटर जाडीचा थर द्यावयाचा झाल्यास १६ लिटर, म्हणजे अंदाजे २४ किलोग्रॅम, कोरडी वाळू लागते. बादलीत निवळ पाणी येईपर्यंत ती धुवावी. जड दगड प्रथम पेटीच्या बुडावर भक्कम बसवावेत आणि मग त्यांभोवती वाळू घालावी. वाळूवर ठेविलेला दगड माशांनी खालून उकरला की कोसळतो. त्याखाली मासा सापडतो, किंवा काच फुटते. बारीक वाळूचा थर फार जाड करू नये. खालपर्यंत प्राणवायू न पोहोचल्यास तेथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. वरच्या थरात मात्र अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जीवाणू वस्ती करतात. म्हणून साफसफाई करताना सर्व वाळू एकाच वेळी बदलू नये.

तळाची निवड करताना प्रथम माशाचे मूळ स्थान विचारावे, नंतर त्याची सवय, आणि शेवटी आपली आवड. हा क्रम पाळला, तर मासा निर्भयपणे तळ उकरू लागतो, आणि त्याचे खरे रंगही आपोआप दिसू लागतात.